मोटारीच्या रेडिओची काठी

अण्णा,

तीर्थरूप, साष्टांग नमस्कार असलं काही लिहीत नाही. ते लिहायला मन लागतं, आणि ते आज माझ्यापाशी नाही. तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली. दर श्राद्धाला धाकटा भाऊ पान मांडतो, मी नमस्कार करते आणि मनात म्हणते, पुढच्या वर्षी तरी राग गेलेला असेल. कसला जातोय! काल लेक-जावयाबरोबर मोटारीतून त्र्यंबकला निघाले होते. गाडीची एरियल मागच्या महिन्यात मोडली म्हणून जावयाने एक आखूड काठी बसवून घेतली होती. नाशकात रेडिओवर गाणं छान चाललेलं, आणि गाव मागे पडलं तशी नुसती खरखर. मी आपलं सहज म्हटलं, "बिघडला वाटतं." जावयाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला असल्या गोष्टीत भारी उत्साह. म्हणाला, "नाही आई, काठी आखूड आहे ना. जवळचं स्टेशन कशावरही लागतं, लांबचं धरायला लांब काठी लागते. आणि गंमत म्हणजे संध्याकाळनंतर हीच आखूड काठी मुंबईसुद्धा पकडते. दिवसा उन्हात नाही पकडत." मी विचारलं, "म्हणजे एकाच काठीवर संध्याकाळी मुंबई लागेल आणि दुपारी नाही?" तो म्हणाला, "हो. पूर्वीपासून असंच आहे." पूर्वीपासून! त्यानंतर मी त्र्यंबकपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसले. लेकीला वाटलं मला गाडी लागली.

तुम्हाला मोटार आठवतच असेल. डॉक्टरसाहेबांची, काळी, पुढच्या काचेशेजारी बाहेरच्या बाजूला उभी पोलादी काठी. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदलं वर्ष. गावात रेडिओ बोटावर मोजण्याइतके, आणि मोटारीत रेडिओ म्हणजे तर लोक काचेला नाक लावून बघायचे. तुम्ही त्या मोटारीचे ड्रायव्हर. आळीत तुमचा रुबाब डॉक्टरांपेक्षा जास्त होता. खाकी कोट घालून, टोपी तिरकी ठेवून तुम्ही गाडी पुसत उभे राहायचात आणि कुणी जवळ आलं की म्हणायचात, "हात लावू नका हं, आत मुंबई आहे." आई हसायची. मीही हसायचे. त्या वेळी मला तुम्ही फार आवडायचात, हेही लिहून ठेवते, नाहीतर उगाच वाटायचं की मी पहिल्यापासून कडूच होते.

मग दसरा आला. डॉक्टरांच्या बाईसाहेबांनी पोर्चला झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, चांगलं जाडजूड. मोटार धुऊन, हार घालून, हळदकुंकू लावून तुम्ही ती पूजेसाठी पोर्चमध्ये आणलीत, आणि काठी तोरणात अडकून सगळं तोरण खाली. घरचे सगळे, पाहुणे, भटजी, सगळ्यांसमोर. बाईसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, सणासुदीला तोरण तोडलंत? जरा बघून चालवा की." एवढंच. डॉक्टर तर म्हणाले, "राहू दे, काठीचं रेडिओ बसवणाऱ्या मुंबईवाल्यांना विचारू काय ते." पण तुम्हाला ते लागलं. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला चारचौघांत बघून चालवा म्हणायचं! घरी आलात ते सोनं वाटायलासुद्धा बाहेर पडला नाहीत. आईने आपट्याची पानं पुढे केली तर म्हणालात, "ठेव तिकडे."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टर दवाखान्यात असताना, तुम्ही ती काठी मोटारीवरून उतरवून घरी घेऊन आलात. अंगणातलं ते दृश्य मला आत्ता दिसतंय. शेजारचे कल्हईवाले चाचा ओट्यावर बसून पातेल्याला राख चोळतायत. तुम्ही काठी पाटावर आडवी ठेवता आणि मला हाक मारता, "ए, इकडे ये, हे टोक धर घट्ट." मी धरते. लोखंड कापायच्या करवतीचा तो आवाज, दातांत कळ जाणारा. चाचा म्हणतात, "भाऊ, कशाला कापून राहिले? ज्यांनी बनवली ते काय येडे होते एवढी लांब द्यायला?" आणि तुम्ही वर न बघता म्हणता, "चाचा, काठीचं काम हवेला शिवायचं. हवा काय वर एक आणि खाली एक असते का?" टोक माझ्या हातातून निसटत होतं म्हणून तुम्ही माझ्यावर खेकसलात, "धर नीट, गाणं नाही चाललंय इथे." हातभर तुकडा निघाला. वरच्या टोकाला पितळी गोळी होती, ती तुम्ही चाचांकडून कथलाचा डाख देऊन पुन्हा बसवून घेतलीत, कानसीने कडा साफ केल्यात, आणि काठी अशी झाली की कुणाला सांगितल्याशिवाय कळू नये. संध्याकाळी गाडीत बसून मुंबई लावलीत. खणखणीत लागली. घरी येऊन म्हणालात, "बघ, काही फरक पडला का? मोठे शहाणे मुंबईवाले!" जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्यात.

माझं गाणं त्यानंतर तीन आठवड्यांनी होतं. मुंबई रेडिओवर, दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात, पंधरा मिनिटं, एक भजन आणि एक भावगीत. गुरुजींनी माझं नाव कळवलं होतं, मी मुंबईला जाऊन आवाज ऐकवून आले होते, आणि रेडिओवाल्यांचं छापील कागदावरचं पत्र आलं होतं. तेव्हा चांगल्या घरातल्या मुलीने रेडिओवर गायचं म्हणजे काय होतं, ते आताच्या मुलींना सांगून खरं वाटणार नाही. आत्या तर म्हणाली होती, "आज रेडिओ, उद्या थेटर." तुम्ही तिला गप्प बसवलंत. "माझी मुलगी आहे, मी बघतो," म्हणालात. आळीभर सांगत सुटलात. डॉक्टरांची परवानगी काढलीत की त्या दुपारी मोटार आपल्या आळीत आणून उभी करायची आणि सगळ्यांना मुलीचं गाणं ऐकवायचं. डॉक्टर म्हणाले, "आण की, मीही येतो." एवढा मोठा माणूस आपल्या आळीत गाणं ऐकायला येणार म्हणून आईने शेजारणीकडून खुर्ची मागून आणली.

मी मुंबईला मामाबरोबर होते, त्यामुळे आळीत काय झालं ते मला आईने आणि चाचांनी सांगितलं, आणि इतक्यांदा मनात आणलंय की आता मी तिथेच होते असं वाटतं. सतरंज्या घातल्यात. गुरुजी आलेत. पलीकडच्या मळ्यातल्या माळीणबाई टोपली रिकामी करून तडक आल्यात, मोटारीला घालायला शेवंतीची माळ घेऊन. ऊन कडक. तुम्ही कोटाची सगळी बटणं लावून गाडीत बसलात आणि बटण फिरवलंत. खरखर. पुन्हा फिरवलंत. खरखर. मध्येच कुणी पुरुष बोलल्यासारखं झालं, दोन शब्द, आणि पुन्हा आमटीला फोडणी बसावी तशी चरचर. पंधरा मिनिटं! आई सांगायची, तुमच्या कानशिलावरून घाम वाहत होता आणि बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग डॉक्टरांनी विचारलं, "काय रे, रेडिओला काही झालंय का?" आणि तुम्ही गाडीतून उतरून, सगळ्यांसमोर, काय म्हणालात? "रेडिओ उत्तम आहे साहेब. रोज संध्याकाळी मुंबई लागते. आत्ता माणूस बोलला तो ऐकलात ना, ती मुंबईच. पोरीला बसवलंच नसेल त्यांनी. घाबरट आहे, ऐन वेळी रडली असेल."

रडली असेल! चाचा ओट्यावरून उठले, आईनेच त्यांना डोळ्यांनी थांबवलं. डॉक्टर म्हणाले, "असू दे, लहान आहे," आणि गाडीत बसून गेले. माळीणबाईंनी माळ कुठे ठेवायची म्हणून आईच्याच हातात दिली. गुरुजी चपला घालून निघाले, आणि त्यानंतर त्यांनी मला पुढची चीज सांगितली ती चैत्रात. तोवर आपलं, "आधीचं घोटा." त्यांनी माझं नाव कळवलं होतं, त्यांची लाज गेली होती. नंतर गावी आल्यावर मामा ओरडून सांगत होता की मी काचेपलीकडे बसून ऐकलंय, गायली पोर. पण मामा भाचीची बाजू घेणारच, असं म्हणून लोकांनी त्याचं बोलणं सोडून दिलं. गावात बाकीचे दोन-चार रेडिओ होते, पण भर दुपारी बायकांचा कार्यक्रम लावून बसतो कोण?

मी नाशिक रोडला उतरले तेव्हा तुम्ही न्यायला आला होतात. माझी पिशवी घेतलीत आणि टांग्यात घरापर्यंत रस्त्याकडे बघत बसलात. गायलीस का, कशी गायलीस, एक शब्द नाही. आळीत शिरले आणि कळायला लागलं. नळावर गेले की कुणीतरी म्हणायचंच, "काय गं, लागली का मुंबई?" लहान पोरं तोंडाने खरखर करून दाखवायची. मी घरात येऊन म्हटलं, "अण्णा, काठी कापली ना तुम्ही, म्हणून ऐकू आलं नसेल." तुम्ही जेवत होतात. घास खाली ठेवलात. "काठीला नावं ठेवू नकोस. संध्याकाळी ये, मुंबई लावून दाखवतो. आणि हे पुन्हा बाहेर बोललीस तर माझी नोकरी जाईल, ते चालेल का तुला?" मी बाहेर कुठे बोलले नाही. चाचा एकदा म्हणाले, "बेटी, मी सांगतो ना आळीला. डाख मीच दिलाय." मीच त्यांच्या पाया पडून त्यांना गप्प केलं. मला वाटायचं, आज ना उद्या तुम्हीच सांगाल.

काल जावई बोलला तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की त्या दुपारी तुम्ही मुद्दाम खोटं बोलला नव्हतात. तुम्ही काठी कापून संध्याकाळी पाहिलीत, संध्याकाळी मुंबई लागली, आणि तुमची खात्री पटली. दुपारी करून पाहायला हवं होतं हे तुम्हाला कोण सांगणार? इतकी वर्षं मी तुम्हाला त्या दुपारबद्दल शिव्या घालत आले, तेवढ्या परत घेते. पण थांबा, लगेच सुटलात असं समजू नका. पौषात डॉक्टरांनी मुंबईहून मेकॅनिक बोलावला होता. त्याने एका नजरेत सांगितलं, काठी तोकडी आहे, आणि नवी लांब काठी बसवली. डॉक्टरांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, आंब्याच्या फांदीला लागून मोडली होती, मी टोक नीट करून घेतलं. ते हसले आणि विषय संपला. नोकरी गेली नाही, कोट गेला नाही. आणि त्यानंतर भर दुपारी मुंबई कशी ऐकू यायला लागली, ते तुम्ही स्वतःच्या कानांनी रोज ऐकत होतात. म्हणजे पौषापासून तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी घरी येऊन ओट्यावर उभं राहून एवढं म्हणायला काय जात होतं, की बायांनो, माझी चूक झाली, माझी पोर गायली होती? एका वाक्याचं काम. तेवढं म्हणाला नाहीत. आईला मेकॅनिकचं सांगितलंत, तेही "बोलू नकोस" म्हणून.

त्याच महिन्यात रेडिओचं दुसरं पत्र आलं. फाल्गुनात पुन्हा या म्हणून. तुम्ही ते वाचलंत, घडी घातलीत आणि माझ्यासमोरच पाटावर बसून उत्तर लिहिलंत, की मुलीचं लग्न ठरलं आहे, तिला येता येणार नाही. लग्न! स्थळसुद्धा पाहिलं नव्हतं कुणी. मी किंचाळले. आई मध्ये पडली. मी जन्मात पहिल्यांदा तुम्हाला उलट बोलले, "मी पुन्हा गायले आणि लोकांनी ऐकलं तर तुम्ही खोटे पडाल, म्हणून ना?" तुम्ही हात उगारलात, मग खाली घेतलात, आणि टोपी घालून बाहेर पडलात. संध्याकाळपर्यंत गोदाकाठी गंगेवर बसून होतात असं चाचांनी पाहिलं. आलात ते थेट अंथरुणावर. पत्र मात्र टाकून आला होतात.

आणि मग खोटं खरं करायला स्थळ शोधलंत. वैशाखात सायखेड्याला माझं लग्न. माणसं वाईट नव्हती, हेही सांगते. नवरा शेतीत राबणारा, शांत. पण गाण्याचं नाव तिथे कुणी काढत नसे, फक्त सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून लय गानारी हाय म्हनं. मुंबईला गेल्ती. तिथं गायलीच नाय!" आणि हसायच्या. त्यांचं काय चुकलं? त्यांना जे तुमच्या आळीतून कळलं तेच त्या सांगत होत्या. मी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत ऐकत असे. दुसरी पोर झाल्यावर मी अंगाईसुद्धा पुटपुटतच म्हणायचे.

एकदा तुम्ही आला होतात. सर्व्हिसच्या प्रवासी मोटारीतून, मांडीवर बाजाची पेटी घेऊन. जुनी होती, पण भाता चांगला होता. पडवीत ठेवलीत आणि म्हणालात, "वेळ मिळाला की वाजव." मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि उभी राहिले. मला वाटलं आता बोलतील. तुम्ही पाणी प्यालात, नातवंडांच्या डोक्यावर हात फिरवलात, पिकाची चौकशी केलीत. मग खाली बघत विचारलंत, "गातेस का गं कधी?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही म्हणालात, "बरं." अण्णा, एवढ्या लांब पेटी मांडीवर घेऊन आलात, चार शब्द आणायला जड झाले होते का? पेटीवर सासूबाईंनी मटकीचं पोतं ठेवलं. मी काढलं नाही. तुम्ही गेलात त्या वर्षी ती एका भजनी मंडळाला देऊन टाकली.

एवढं सगळं लिहून झालं. सकाळपासून लिहितेय, आमटी दोनदा तापवली. आता खरं म्हणजे इथे थांबायला हवं, कारण वाचणाऱ्याला कळलंच असतं की कोण चुकलं. पण काल जावयाने तुमच्यावरचा निम्मा आरोप काढून घेतला, आणि तो आरोप निघाल्यावर त्याच्याखाली जे दिसलं ते लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला नाही, आईलाही नाही.

त्या दुपारी मी गायले, हे खरं. भजन ठीक झालं. भावगीताच्या दुसऱ्या कडव्यात वरचा सूर घ्यायला गेले आणि आवाज फाटला. नुसता फाटला नाही, पुढची ओळच आठवेना. पेटीवाल्यांनी तीच सुरावट दोनदा वाजवली, मी तोंड उघडं ठेवून समोरच्या लाल दिव्याकडे बघत होते. मग पहिलंच कडवं पुन्हा म्हणून कसंबसं संपवलं. तिथल्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, "होतं असं पहिल्यांदा, पुढच्या वेळी या." हे कुणाला सांगायचं नाही म्हणून मामाला मी शपथ घातली. गाडीत कसाऱ्यापासून नाशिक रोडपर्यंत मी एकच गोष्ट देवापाशी मागत होते, की आळीतलं कुणीही ते ऐकलेलं नसो. टांग्यात तुम्ही रस्त्याकडे बघत बसलात तेव्हा मला वाटलं, तुम्ही ऐकलंत, म्हणून माझ्याकडे बघत नाही. घरी आईने सांगितलं की नुसती खरखर आली, आणि पहिल्यांदा मला काय वाटलं माहीत आहे? सुटले. इतकं हलकं वाटलं की मी न्हाणीघरात जाऊन हसले. राग नंतर आला. राग आल्यावर तो धरून ठेवणं सोपं गेलं, कारण तो तुमच्या नावावर होता.

तुम्ही मला सगळ्यांसमोर घाबरट म्हणालात, ते न ऐकताच म्हणालात. त्याला क्षमा नाही, आजही नाही. पण दुसऱ्या पत्राच्या वेळी मी किंचाळत होते ना, तेव्हा आतून मला भीती वाटत होती की तुम्ही हो म्हणाल. त्या दिवशी तुम्ही नकार कळवला नसता, तर मीच काहीतरी निमित्त काढून मुंबईला जायचं टाळलं असतं.